ठाण्याची नोंद आणि आपली सही

आमच्या गावातला एक शेतकरी आठवड्याच्या बाजाराला गेला. त्याने फटफटी झाडाखाली लावली. भाजी विकून परत आला, तर फटफटी जागेवर नाही! त्याने सारा बाजार पालथा घातला. शेवटी तो माझ्याकडे आला. आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो.

पूर्वी अशी हकीगत ठाण्यात कागदावर लिहीत. तो कागद ठाण्यातच राही. चोर गाडी घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेला, तर तिथल्या पोलिसांना ती चोरीची आहे हे कसे कळावे? पत्रे पाठवायची, बिनतारी निरोप द्यायचे, उत्तराची वाट पाहायची. तोवर चोर कुठल्या कुठे जाई.

ही अडचण दूर करण्यासाठी केंद्र सरकारने २००९ साली एक योजना मंजूर केली. तिला 'सीसीटीएनएस' म्हणतात. म्हणजे गुन्ह्यांचा आणि गुन्हेगारांचा माग काढणारे जाळे. मासे धरायच्या जाळ्यात दोरा दोऱ्याला गाठीने बांधलेला असतो ना? तशी देशातली पंधरा हजारांहून अधिक ठाणी संगणकाने एकमेकांना जोडली आहेत. महाराष्ट्रात हे काम २०१५ साली राज्यभर सुरू झाले. देशभरच्या नोंदींची व्यवस्था दिल्लीचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग पाहतो.

आता फिर्याद संगणकात लिहितात. चोरीस गेलेल्या गाडीचा नंबर त्यात असतो. दूरच्या पोलिसांनी ती गाडी अडवून नंबर संगणकात घातला, की चोरीची नोंद पुढे येते. अटक झालेल्यांची आणि हरवलेल्या माणसांचीही माहिती या जाळ्यात असते.

पण मंडळी, एक गोष्ट ध्यानात ठेवा. संगणक स्वतः काही पाहत नाही. त्यात जे लिहावे, तेच तो दाखवतो. चूक लिहिली, तर चूकही गावोगाव पोचते.

आमच्या शेतकऱ्याची फिर्याद लिहून झाली. त्याने सहीसाठी लगेच पेन उचलले. मी म्हणालो, "अरे, आधी वाच तर खरं!"

ओळीवर बोट ठेवून तो हळूहळू वाचू लागला. नंबरापाशी थांबला.

"गुरुजी, माझ्या गाडीच्या शेवटी सहा आहे. इथं नऊ पडलाय!"

अंमलदारांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली. मग त्याने सही केली. तीन महिन्यांनी ती गाडी दुसऱ्या जिल्ह्यात सापडली, ती नंबरावरूनच. नऊ तसाच राहता, तर त्याची गाडी पोलिसांच्या समोरून निघून गेली असती. आणि नऊ नंबरवाला कोणी निरपराध माणूस वाटेत अडवला गेला असता.

१ जुलै २०२४ पासून 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता' हा कायदा लागू आहे. त्याचे कलम १७३ आपल्या उपयोगाचे आहे. गाडीची चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे. अशा गुन्ह्याची खबर देताना हे लक्षात ठेवा :

१. तोंडी सांगितलेली खबर पोलिसांनी लिहून घ्यावी आणि वाचून दाखवावी. मगच सही करावी.

२. खबरीची नक्कल फुकट मिळते. ती मागून घ्या, जपून ठेवा.

३. 'हे आमच्या हद्दीत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. खबर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठवतात. तिला 'झीरो एफआयआर' म्हणतात.

४. खबर घेतलीच नाही, तर ती लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

आणखी एक. एका नावाची दहा माणसे असतात. म्हणून नावाबरोबर वडिलांचे नाव, गाव, वय नीट सांगा. नुसत्या संशयावरून कोणाचे नाव घालू नका. आणि कोणाचे नाव नोंदीत आले, म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही. ते न्यायालय ठरवते.

पूर्वी आपण दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा उठवत होतो. आता तुम्हाला वाचता येते. मग ठाण्यात गेल्यावर घाई कशाला? आधी वाचा. चूक दिसली तर सांगा. मगच सही करा.