कुंपणावरचा रंग बदलणारा सरडा घरी आणलाय? पपई-टोमॅटो देण्याआधी हे वाचा

पेण : झाडाच्या फांदीवर डुलत डुलत चालणारा, शेपटीची गुंडाळी करून बसलेला हिरवागार सरडा दिसला की पोरं त्याला काठीवर घेतात, खोक्यात ठेवतात आणि मोबाईलवर शोधतात, 'हा खातो काय?' व्हिडिओत कुणी पानं भरवताना दिसतो, कुणी फळाचे तुकडे. मग गडबपासून रोह्यापर्यंत कुठल्याही घरात जे सहज मिळेल ते त्याच्यासमोर येतं: केळं, पपई, टोमॅटो, काकडी. सरडा तोंड लावत नाही. घरच्यांना वाटतं, नवीन आहे, बुजलाय, उद्या खाईल. खरं म्हणजे ते त्याचं अन्नच नाही.

हा सरडा कोणता?

याला शॅमेलिऑन म्हणतात, काही भागांत घोयरा सरडा. आपल्याकडचा हा भारतीय शॅमेलिऑन. रोज कुंपणावर मान हलवताना दिसतो तो बागेतला सरडा वेगळा. तो चाहूल लागली की पळतो, त्याच्या मानेवर काटेरी तुरा असतो. घोयरा पळत नाही, एकेक पाय उचलून संथ चालतो. अंग दोन्ही बाजूंनी चपटं, डोकं शिरस्त्राण घातल्यासारखं, आणि दोन डोळे एकाच वेळी दोन दिशांना फिरणारे. पायाची बोटं चिमट्यासारखी, फांदी पकडण्यासाठी बनलेली. तो विषारी नाही. त्याच्या फुंकरीने किंवा नजरेने काही होत नाही.

मग तो खातो काय?

किडे. नाकतोडे, रातकिडे, माश्या, फुलपाखरं, अळ्या. तेही जिवंत आणि हलणारे. त्याची शिकार सगळी नजरेवर चालते. किडा हलला की दोन्ही डोळे त्याच्यावर रोखले जातात आणि अंगाइतकी लांब जीभ डोळ्याची पापणी लवायच्या आत बाहेर येते. जिभेचं टोक चिकट असतं, त्याला किडा चिकटून तोंडात जातो. ताटलीतली पपईची फोड हलत नाही, म्हणून ती त्याच्या लेखी खाणं नसतंच.

पाण्याचंही तसंच. वाटीत साठलेलं पाणी त्याला बहुतेक वेळा ओळखता येत नाही. तो पानावरचं दव आणि पावसाचे थेंब चाटतो. त्यामुळे समोर भरलेली वाटी असूनही खोक्यातला घोयरा तहानेला राहतो.

मग व्हिडिओत पानं-फळं कशी खातो?

इथे दोन गफलती होतात.

पहिली गफलत जातीची. परदेशात घरोघरी पाळला जातो तो मुख्यतः 'व्हेल्ड शॅमेलिऑन'. तो मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाचा. ही जात किड्यांसोबत थोडा पाला आणि फळंही खाते. व्हिडिओतला सल्ला तिच्यासाठी असतो, आपल्या कुंपणावरच्या घोयऱ्यासाठी नाही. तिलासुद्धा मुख्य अन्न किडेच लागतात.

दुसरी गफलत भाजीची. पाळणारे लोक गाजर, पालेभाजी चिरतात ती बऱ्याचदा सरड्यासाठी नसते, रातकिड्यांसाठी असते. आधी किड्यांना भाजी खाऊ घालायची आणि मग ते किडे सरड्याला द्यायचे, अशी ती पद्धत. किड्याच्या पोटातलं सत्त्व त्यातून सरड्याला मिळतं. आपल्या वाडीत हे काम निसर्ग फुकट करतो. पानं नाकतोडा खातो, नाकतोडा घोयरा खातो. म्हणजे भाजी घोयऱ्यापर्यंत पोचते ती अशी, किड्याच्या वाटेने.

बळजबरीने भरवलं तर?

काही जण तोंड उघडून फोड कोंबतात. त्यात जबडा आणि जीभ दुखावते, आणि जीभ दुखावलेला घोयरा शिकार करू शकत नाही. तुकडा श्वासनलिकेत गेला तर जीव जातो. बहुतेक फळांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. पालकात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. त्यात घरात ऊन नाही, म्हणजे ड जीवनसत्त्वही नाही. अशाने हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, पकड सुटते. हे एका दिवसात दिसत नाही. 'चार दिवस चांगला होता, मग अचानक गेला' असं म्हणतात, तेव्हा तो पहिल्या दिवसापासून उपाशीच असतो.

रंगावरूनही फसगत होते. घोयरा मागची भिंत बघून रंग बदलतो हा समज चुकीचा. त्याचा रंग उजेड, ऊन-थंडी आणि त्याची मनःस्थिती यांनुसार पालटतो. २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी मादागास्करच्या शॅमेलिऑनवर अभ्यास करून दाखवलं, की त्वचेतले सूक्ष्म स्फटिक जवळ-लांब सरकले की रंग पालटतो. हातात घेतल्यावर तो काळपट पडला, अंग फुगवलं, तोंड वासलं, तर तो घाबरलेला आहे. पोरांना ती गंमत वाटते, त्याच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

पाळणं हा गुन्हा आहे

भारतीय शॅमेलिऑनला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं संरक्षण आहे. कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणंही त्यात येतं. घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा. तुरुंगवास आणि दंड दोन्हींची तरतूद आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढवला आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही. हौसेने टाकलेला स्टेटस हाच पुरावा ठरू शकतो.

परदेशी जातीचे शॅमेलिऑनही मोकळे नाहीत. त्यांच्या व्यापारावर 'साईट्स' या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

सापडला तर काय करायचं?

• झाडावर, कुंपणावर असेल तर तिथेच राहू द्या. लांबून बघा, फोटो काढा.

• रस्त्यावर असेल तर वाहनं बघून, सांभाळून थांबा. मुंबई-गोवा महामार्गावर संथ चालीचा हा प्राणी चाकाखाली जायला वेळ लागत नाही. कोरडी काटकी पुढे धरा, तो स्वतः चढेल. ज्या बाजूला निघाला होता, त्याच बाजूच्या झाडावर सोडा.

• शेपटीला धरून ओढू नका. शेपटी हा त्याचा पाचवा हात आहे, आणि ती तुटली तर पालीसारखी परत येत नाही.

• पोट फुगलेली मादी जमिनीवर दिसली तर ती आजारी असेलच असं नाही. अंडी घालायला ती झाडावरून उतरते, माती उकरून अंडी पुरते. कुत्री-मांजरं लांब ठेवा आणि तिला तिचं काम करू द्या.

• जखमी असेल तर हवेशीर खोक्यात एक फांदी ठेवून सावलीत ठेवा, काही भरवू नका. वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर किंवा जवळच्या वन कार्यालयात लगेच कळवा.

• आधीच घरात ठेवला असेल तर आणखी एक दिवसही थांबू नका. वन विभागाला सांगा.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसून म्हणतो. घोयऱ्याचं मात्र सगळं घरदार त्या कुंपणातच असतं. ते कुंपण, बांधावरची झुडपं शाबूत ठेवली, पाला पेटवला नाही आणि गरज नसताना फवारणी टाळली, की त्याच्या जेवणाची सोय झाली. बदल्यात तो तुमच्या वाडीतले नाकतोडे खातो.