निवृत्तीचा आदेश यकृताला कोण देणार?

महाराष्ट्रात ३१ मे हा निवृत्तीचा मोठा मुहूर्त असतो. एका अख्ख्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख म्हणून १ जून लिहून टाकली. सरकारी नियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीलाच घरी जायचं. त्यामुळे त्या दिवशी वीजकेंद्रांत, आगारांत, रुग्णालयांत शाल-श्रीफळांची एकच गर्दी उडते. तीस-पस्तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस हार घालून अवघडून उभा असतो आणि भाषण करणारे एकामागून एक त्याला सांगतात, "खूप नाइटा मारल्यात, आता निवांत झोपा."

त्या रात्री दोन वाजता हा माणूस टक्क जागा असतो. वर भूकही लागलेली असते.

मला या प्रसंगाचं फार नवल वाटतं. ओळखपत्र जमा झालं, लॉकरची किल्ली दिली, हजेरीपटावरून नाव निघालं, तरी शरीरातल्या एका खात्यापर्यंत आदेश पोहोचलेलाच नाही. आणि ते खातं नोकरीतसुद्धा कधी कुणाचं ऐकत नव्हतं.

कायद्यानं आपल्या परीनं या माणसासाठी वेगळा दिवस घडवून पाहिला होता. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं ५७ वं कलम मोठं गमतीदार होतं. ज्याची पाळी मध्यरात्र ओलांडून जाते, त्याची सुट्टी रात्री बारापासून मोजायची नाही. पाळी संपेल तिथपासून सलग २४ तास मोजायची. मध्यरात्रीनंतर केलेलं काम आदल्या दिवसाच्या खात्यात धरायचं. म्हणजे सोमवारी रात्री अकराला कामावर चढलेल्याचा सोमवार मंगळवारी सकाळी सातला संपायचा! कॅलेंडर वाकवण्याचा हा अधिकार संसदेला होता. मेंदूतल्या घड्याळापुढे मात्र संसदेचंही काही चालत नाही.

हे घड्याळ रूपक म्हणून म्हणत नाही. डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे वरच्या बाजूला सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. त्यातली प्रत्येक पेशी स्वतःच्या आत प्रथिनं बनवते. ती साठत गेली की स्वतःचंच उत्पादन बंद पाडतात. मग ती झिजून जातात, उत्पादन पुन्हा सुरू होतं, आणि या फेऱ्याला साधारण २४ तास लागतात. फळमाशीत ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. सुगावा मात्र जुना आहे. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं लाजाळूसारखं एक रोप अंधाऱ्या जागी कोंडून ठेवलं, तर सूर्य न दिसताही त्याची पानं वेळच्या वेळी उघडत-मिटत राहिली.

माणसाचं हे घड्याळ किंचित मागे पडणारं असतं. हार्वर्डमधल्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटानं १९९९ मध्ये काटेकोर मोजणी केली, तेव्हा त्याची फेरी सरासरी २४ तास ११ मिनिटांची निघाली. ते रोज जुळवून घ्यावं लागतं आणि जुळवतो तो उजेड. त्यासाठी डोळ्याच्या पडद्यात वेगळ्याच पेशी आहेत. त्यांचं काम चित्र दाखवण्याचं नसून मुख्यतः बाहेर किती उजेड आहे एवढं कळवण्याचं आहे. निळसर प्रकाशाला त्या सर्वांत जास्त दाद देतात. पूर्ण दृष्टी गेलेल्या काही माणसांतसुद्धा या पेशी शाबूत असतात. त्यांना काही दिसत नाही, पण त्यांच्या घड्याळाला सकाळ झालेली समजते.

आता रात्रपाळी सुटल्यावर घरी निघालेल्या माणसाकडे बघा. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान दिवसातलं सर्वांत कमी असतं. यंत्रावर डुलकी लागायची वेळ तीच. या बिंदूच्या आधी डोळ्यांवर भरपूर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, नंतर पडला तर पुढे. रात्रभर शेडमधल्या ट्यूबलाइटचा उजेड काही शे लक्स. घड्याळ रात्रीकडे सरकवायला तो थोडाफार मदत करतो. पण सात वाजता गेटबाहेर पाऊल टाकलं की समोर स्वच्छ सकाळ, काही हजार लक्सची. नेमक्या या वेळेचा उजेड घड्याळाला पुन्हा दिवसाच्या बाजूला खेचून नेतो. रात्रभराची कमाई घरी जायच्या रस्त्यावरच उधळली जाते.

म्हणून "सवय झाली की काही वाटत नाही" हे आपलं एक समाधान असतं. कायम रात्रीच काम करणाऱ्या लोकांवरचे अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा घड्याळ पूर्णपणे रात्रीकडे वळलेले लोक तीन टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीच्यांनी वर्षानुवर्षं पाळी केली ती घड्याळाच्या विरोधात. उत्तर समुद्रातल्या तेलविहिरींवर मात्र रात्रपाळीवाले आठवडाभरात बरेच रुळतात. खाणं-झोपणं तिथेच, घरी जायचा रस्ता नाही, त्यामुळे त्या रस्त्यावरचं ऊनही नाही.

यापुढची गोष्ट मला सर्वांत अद्भुत वाटते. घड्याळ एकटं मेंदूत नाही. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू, जवळजवळ प्रत्येक अवयवाच्या पेशींत तसलीच यंत्रणा चालू असते. दिंडीत टाळकरी विणेकऱ्याचं मानतात, तसं या सगळ्यांनी मेंदूतल्या पुंजक्याचं मानायचं असतं. पण यकृत उजेडापेक्षा जेवणाच्या वेळेला जास्त मान देतं. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळीच खायला घातलं, तर काही दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं फिरतं आणि मेंदूतलं जिथल्या तिथे राहतं. रात्री दोनला कँटीनमध्ये उघडलेला डबा हेच करत असतो. त्यातली भाकरी अशा शरीरात जाते ज्याचा एक भाग जेवायला बसलेला असतो आणि दुसरा झोपलेला. रात्रपाळीत पित्त, अपचन, रक्तातल्या साखरेची गडबड यांच्या तक्रारी का असतात, याचं बरंचसं उत्तर या फाटाफुटीत आहे.

फिरत्या पाळीत तर ही फाटाफूट दर आठवड्याला नव्यानं होते. तिथे निदान क्रम तरी सुलटा असावा: फर्स्ट, मग सेकंड, मग नाइट. घड्याळ मुळातच मागे पडणारं असल्यामुळे उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जमत नाही. अमेरिकेतल्या युटामधल्या एका खनिज कारखान्यात झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी पाळ्यांचा उलटा क्रम सुलटा करायला लावला आणि दर आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी पाळी बदलायला सांगितलं. कामगार जास्त समाधानी झाले आणि उत्पादनही वाढलं. हा शोधनिबंध १९८२ चा. तरी आजही कित्येक ठिकाणी ड्युटी लावणाऱ्या बाबूच्या सोयीनंच पाळ्या लागतात, याला काय म्हणावं!

तर ३१ मे नंतर काय होतं? फ्रान्सच्या राष्ट्रीय वीज आणि गॅस कंपनीतल्या सुमारे १४,७०० कर्मचाऱ्यांना निवृत्तीआधी सात वर्षं आणि नंतर सात वर्षं दरवर्षी झोपेबद्दल विचारलं गेलं. निवृत्तीनंतर झोपेच्या तक्रारी घटल्या, आणि रात्रपाळी करणाऱ्यांत ही सुधारणा अधिक ठळक होती. ही झाली आनंदाची बाजू. दुसरीकडे पिट्सबर्गच्या संशोधकांनी ६५ च्या पुढच्या हजाराहून अधिक निवृत्तांना फोनवर प्रश्न विचारले, तर पूर्वी पाळ्या केलेल्यांची झोप दिवसा काम केलेल्यांपेक्षा वाईटच निघाली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात: कालच्यापेक्षा बरं, शेजाऱ्यापेक्षा कमी. दक्षिण फ्रान्समधल्या तीन हजारांवर लोकांची स्मरणशक्ती आणि विचारांची चपळाई १९९६, २००१ आणि २००६ मध्ये तपासली गेली. दहा किंवा अधिक वर्षं फिरती पाळी केलेल्यांच्या गुणांतली घट साडेसहा वर्षांनी म्हातारं झाल्याइतकी होती. पाळी सोडल्यावर ती भरून आलेली दिसायला किमान पाच वर्षं लागली. अशा अभ्यासांतून कारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, पण पहिल्या महिन्यात "अजून झोप बसत नाही" म्हणून हिरमुसणाऱ्याला पाच वर्षं हा आकडा ठाऊक असलेला बरा.

घरच्यांच्या वेळाही बिघडलेल्या असतात, हे भाषणात कोणी सांगत नाही. नवऱ्याची नाइट असली की दुपारी बारापर्यंत कुकर लावायचा नाही, कारण शिट्टीनं जाग येते. मिक्सर नाही, मुलांनी मोठ्यानं पाढे म्हणायचे नाहीत, कडी वाजवणाऱ्याला बाहेरच गाठायचं. त्या बाईनंही तितकीच वर्षं पाळी केली, बिनपगारी. नवरा रात्री तीनला उठून स्वयंपाकघरात चहाचं भांडं शोधतो, तेव्हा तिचीही झोप मोडतेच.

उपाय साधे आहेत, पण सरसकट नाहीत. नाइट किंवा सेकंडची सवय ज्याच्या अंगात मुरली आहे, त्याची झोप उशिराकडे सरकलेली असते. त्यानं उठल्याबरोबर बाहेर जाऊन सकाळचं ऊन घ्यावं, जेवणाच्या वेळा ठरवून घ्याव्यात आणि रात्री दोनच्या भुकेला हळूहळू पाण्यावर आणावं. दुपारची वामकुक्षी वीस मिनिटांत आटपावी. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश आत कमी पोहोचतो, म्हणून घरातल्या खिडकीशी बसणं पुरत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काहींची झोप सुधारते, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

जन्मभर फर्स्ट केलेल्याचं मात्र उलटं. कंपनीची बस पकडायला तो पहाटे चारला उठायचा. उतारवयात घड्याळ आपसूकही लवकरच्या बाजूला सरकतं. आता संध्याकाळी आठलाच त्याचे डोळे मिटतात आणि अडीचला उघडतात. अशा माणसाला शेजारी कौतुकानं पहाटेच्या फिरायच्या ग्रुपमध्ये ओढतात. पहाटेचा उजेड त्याचं घड्याळ आणखीच पुढे ढकलणार! त्याला गरज संध्याकाळच्या उजेडाची. त्यानं पाच ते सात कट्ट्यावर गप्पा ठोकाव्यात, घरातले दिवे लवकर मालवू नयेत, आणि कोणी "सकाळी येत नाही का फिरायला?" असं विचारलं तर बेलाशक सांगावं, माझी सेकंड आहे.