दचकण्याचा शब्द, फसवण्याचे मूळ

‘ब्लेंच’ म्हणजे भीतीने दचकणे, अंग चोरणे. आजच्या बोलण्यात हा इंग्रजी शब्द क्वचितच येतो. त्याचे मूळ मात्र भीतीत नाही, लबाडीत आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘ब्लेंकन’ म्हणजे फसवणे. फसवण्यावरून अर्थ हुलकावणी देण्याकडे सरकला, तिथून झटकन बाजूला होण्याकडे आणि शेवटी दचकण्याकडे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत तो रुळला होता. बापाचा खून काकानेच केला का, हे ताडण्यासाठी शेक्सपिअरचा नायक हॅम्लेट काकासमोर तशाच खुनाचे नाटक करवतो. काका नुसता दचकला तरी पुरे, असे तो ठरवतो, तिथे हाच शब्द आहे.

पण दचकणे हा पुरावा किती भरवशाचा? चार्ल्स डार्विनने स्वतःवरच प्रयोग केला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर या विषारी सापाच्या पेटीच्या जाड काचेजवळ त्याने तोंड नेले. साप झेपावला तरी हलायचे नाही, असा निश्चय होता. सापाने काचेवर झडप मारली आणि डार्विनसाहेब गज-दोन गज मागे उडाले! १८७२च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. काच फुटणार नाही हे बुद्धीला ठाऊक होते, पण शरीराने तिला विचारलेच नाही.

अचानक मोठा आवाज झाला तरी तेच होते. कानातला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात जातो आणि मोजक्याच चेतापेशींमधून थेट स्नायूंकडे वळतो. सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटू लागतात, मग मान आखडते, खांदे उचलले जातात. आपण घाबरलो हे कळते ते त्यानंतर. त्यामुळे हॅम्लेटचा काका निर्दोष असता आणि रंगमंचावर काही धाडकन पडले असते, तरी तो दचकलाच असता.

चेहरा पांढराफटक पडणे ही मात्र वेगळी आणि सावकाश क्रिया. स्वायत्त चेतासंस्था आणि अ‍ॅड्रिनलिन यांच्यामुळे त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्याला काही सेकंद लागतात. इंग्रजीत पांढरे पडण्याला ‘ब्लँच’ म्हणतात. तो फ्रेंचमधल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून आला. बदाम सोलण्यासाठी ‘ब्लँच’ करतात, तोच हा. एकाच घाबरलेल्या चेहऱ्यावर दोन्ही गोष्टी पाठोपाठ दिसतात, त्यात उच्चार जवळचे, म्हणून लोकांनी दोघांची सरमिसळ केली तर नवल नाही. इंग्रजी कोशांत आज ‘ब्लेंच’च्या दोन स्वतंत्र नोंदी सापडतात: एक दचकण्याची, दुसरी पांढरे पडण्याची.