यंत्राच्या पोटात यंत्र

कडोलीतल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात संगणकाला यूएसबी हब आणि हबला प्रिंटर जोडला, तर लिनक्स कर्नल त्याची नोंद ‘१-१.४’ अशी करू शकतो: पहिली बस, तिचा पहिला पोर्ट, तिथल्या हबचा चौथा पोर्ट. नावातच पत्ता!

प्रत्येक उपकरणाच्या नोंदीत पालक उपकरणाचा निर्देश असतो. प्रिंटरचा पालक हब, त्याचा रूट हब, त्याच्याही वर कंट्रोलर. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या लिनक्स २.६ पासून ही उतरंड कर्नलच्या ‘सिसएफएस’ या आभासी फाइल सिस्टीममध्ये फोल्डरात फोल्डर अशी दिसते.

संगणक झोपवताना आधी लेकरं, मग पालक, उठवताना उलट. हबच आधी झोपला, तर प्रिंटरला निरोप कोण पोचवणार?

स्कॅनरवाला प्रिंटर एकाच वायरीवर दोन लेकरं मांडू शकतो: ‘१-१.४:१.०’ आणि ‘१-१.४:१.१’. दोघांचे ड्रायव्हरही वेगळे असू शकतात.