घरचे फोटो घरच्याच सर्व्हरवर : जुन्या लॅपटॉपपासून सुरुवात कशी करायची?

पांढुर्णा : घरातली लग्नं, गोटमारीचे व्हिडिओ, शेताच्या खसऱ्याचे स्कॅन, सगळं आता मोबाईलमध्येच असतं. गुगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत. ती भरली की पैसे भरा, नाहीतर जुनं पुसा. यावर तिसरा उपाय आहे, घरचा सर्व्हर.

सर्व्हर म्हणजे काय?
सतत चालू राहणारा साधा कॉम्प्युटर. घरातले सगळे मोबाईल आपले फोटो त्यावर पाठवतात.

काय लागतं?
८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आणि १ टीबीची डिस्क एवढ्यावर सुरुवात होते. लाईट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी थोडा वेळ सांभाळून घेते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप वापरूच नका. विजेचा खर्च किती? मशीन सरासरी १५ वॅट घेत असेल, तर महिन्याला साधारण ११ युनिट.

सुरुवात कशी?
लॅपटॉपमधलं कामाचं आधी काढून घ्या, कारण नवी सिस्टीम टाकताना डिस्क पुसली जाते. मग उबंटू किंवा डेबियन ही मोफत सिस्टीम टाका. त्यावर डॉकर, आणि डॉकरमध्ये इमिच हा फोटो सांभाळणारा मोफत प्रोग्राम. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, अशी सेटिंग करा. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायम करून ठेवा. पहिला महिना फक्त घरच्या वायफायवर चालवा. फाइल आणि कागदपत्रांसाठी नेक्स्टक्लाउड नंतर टाकता येतं.

नागपूरहून फोटो कसे दिसतील?
शिकायला किंवा नोकरीला नागपूर, काटोल, वरूडकडे गेलेल्यांचा हा पहिला प्रश्न. बऱ्याच घरगुती कनेक्शनला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरून थेट जोडणी होत नाही. राउटरचे पोर्ट उघडणं नवख्यांसाठी धोक्याचंही आहे. त्यापेक्षा टेलस्केलसारखं ॲप सर्व्हरवर आणि मोबाईलवर टाका. नोंदवलेल्या मोबाईललाच सर्व्हर दिसतो.

खरी जोखीम इथे
सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क एक दिवस बिघडणारच. म्हणून ३-२-१ चा नियम पाळा : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी घरातल्या बाहेरच्या डिस्कवर, तिसरी सौंसरच्या किंवा नागपूरच्या नातेवाइकाकडे. फोटोंच्या फोल्डरसोबत इमिचच्या डेटाबेसची प्रतही घ्या, नाहीतर अल्बम आणि नावं परत मिळणार नाहीत.

बॅकअपमधून दहा-वीस फोटो परत काढून, उघडून पाहा. ते नीट उघडेपर्यंत मोबाईलमधलं आणि गुगलवरचं काहीही पुसू नका. कंपनीला पैसे भरले की डिस्क सांभाळण्याचं काम तिचं असतं. घरच्या सर्व्हरवर ते काम घरच्यांनाच करावं लागतं. दर महिन्याला तासभर देणारं कुणी घरात असेल, तरच यात पडावं.