अन्नपुट तुंबणे

अन्नपुट तुंबणे हा हाताने भरवून वाढवलेल्या पक्ष्यांच्या पिलांमध्ये आढळणारा पचनसंस्थेचा विकार होय. पशुवैद्यकात यास क्रॉप स्टॅसिस असे म्हणतात. गिळलेले अन्न अन्नपुटातून पुढे न सरकता तेथेच साचते व आंबते. कॉकटील, लव्हबर्ड, बजरीगार, मकाव इत्यादी पोपटवर्गीय पक्ष्यांच्या पिलांत हा विकार विशेष दिसतो. गळ्याखालची पिशवी टम्म दिसत असल्यामुळे पिलू पोटभर जेवले आहे असा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात ते उपाशी असते. हा बहुधा स्वतंत्र रोग नसून अन्य दोषाचे लक्षण असतो.

रचना व कार्य

अन्ननलिकेचा मानेच्या तळाशी असलेला भाग फुगून झालेली पातळ भिंतीची पिशवी म्हणजे अन्नपुट. येथे अन्न साठते व भिजते. खरे पचन पुढे ग्रंथिल जठरात सुरू होते आणि पेषणीत अन्न दळले जाते. पिसे न फुटलेल्या पिलाचे भरलेले अन्नपुट कातडीतून स्पष्ट दिसते. आतील अन्नाचा रंगही कळतो. कावळ्यासारख्या काही पक्ष्यांना अन्नपुट नसतेच, त्यामुळे त्यांच्या पिलांना पुढील वर्णन लागू पडत नाही.

घरट्यात पोपटांचे नर-मादी भिजलेले आणि शरीराइतकेच उबदार अन्न ओकून पिलाला भरवतात. हाताने भरवताना अन्नाची उष्णता, दाटपणा, प्रमाण आणि दोन घासांमधील अंतर ही चारही सूत्रे माणसाच्या हाती येतात. विकाराची बहुतेक कारणे या चारांत किंवा पिलाला मिळणाऱ्या उबेत सापडतात.

कारणे

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे थंडी. अंगावर पिसे नसलेल्या पिलाला स्वतःची उष्णता टिकवता येत नाही. शरीर गार पडले की पचनमार्गाची हालचाल मंदावते व अन्न जागीच थांबते. नुकत्याच जन्मलेल्या पोपटाच्या पिलाला सुमारे ३३ ते ३६ अंश सेल्सिअस इतकी ऊब लागते. पिसे फुटू लागली की ती क्रमाने कमी करतात. भरवायचे अन्न साधारणतः ३९ ते ४१ अंश असावे लागते. त्याहून गार अन्न पिलू नाकारते किंवा ते अन्नपुटात रेंगाळते. याउलट फार गरम अन्नाने अन्नपुटाची भिंत भाजते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले अन्न वरून कोमट आणि मध्येच कढत असू शकते, त्यामुळे ते ढवळून तापमापीने पाहणे आवश्यक असते. बोटाचा अंदाज येथे पुरेसा नाही. भाजल्याची खूण पुष्कळदा काही दिवसांनी प्रकट होते: कातडीवर खपली धरते, ती गळून छिद्र पडते आणि खाल्लेले अन्न त्यातून बाहेर येऊ लागते.

फार दाट अन्नातील पाणी निघून जाते आणि घन भाग तळाशी कणकेच्या गोळ्यासारखा बसतो. एका वेळी पिलाच्या वजनाच्या सुमारे १० टक्क्यांहून बरेच अधिक अन्न दिल्यास अन्नपुट ताणले जाते व लोंबू लागते. पेटीतील भुसा किंवा कापूस गिळल्यानेही वाट अडते.

तुंबलेल्या उबदार, ओल्या अन्नात कॅन्डिडा नावाचे यीस्ट व जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यांमुळे अन्नपुटाला सूज येऊन हालचाल आणखी मंदावते. निदानाशिवाय प्रतिजैविके दिल्यास उपकारक जिवाणूही मरतात आणि यीस्टला मोकळे रान मिळते. काही विषाणुजन्य रोगांतही अन्नपुट तुंबते. म्हणून ऊब व आहार योग्य असूनही तक्रार राहिल्यास अन्य रोगांचा विचार करावा लागतो.

गायी-म्हशीच्या दुधाचा येथे वेगळा उल्लेख आवश्यक आहे. घरट्यातून पडलेल्या पिलाला दूधपोळी किंवा दूधभात भरवण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी दिसते. त्यामागे दया असली तरी पक्ष्यांना दुग्धशर्करा पचवता येत नाही आणि दुधाने पिलाला जुलाब होऊ शकतात. ‘कबुतराचे दूध’ म्हणून ओळखला जाणारा स्राव नर व मादी या दोघांच्या अन्नपुटाच्या अस्तरापासून बनतो; त्यात प्रथिने व स्निग्ध पदार्थ असतात, दुग्धशर्करा नसते.

लक्षणे

निरोगी पिलाचे अन्नपुट साधारणतः ४ ते ६ तासांत रिकामे होत जाते आणि दिवसातून एकदा, शक्यतो रात्रीतून, पूर्ण रिकामे व्हावे लागते. सकाळीही ते भरलेलेच असेल तर विकार सुरू झाला असे समजावे. आंबूस वास, ओकारी, घास मागण्याची धडपड थांबणे, विष्ठा कमी होणे, कातडी लाल व सुरकुतलेली दिसणे ही पुढची चिन्हे होत. रोज सकाळी पहिल्या घासापूर्वी केलेले वजन ही सर्वांत विश्वसनीय नोंद ठरते.

उपचार

साचलेल्या अन्नावर नवे अन्न घालू नये, हा पहिला नियम. ‘दर तीन तासांनी घास’ असे वेळापत्रक पाळणारे पालक नेमके येथेच फसतात. घड्याळापेक्षा अन्नपुट पाहून भरवणे श्रेयस्कर. प्रथम पेटीची ऊब तपासतात. विकार सौम्य असल्यास थोडे कोमट पाणी देऊन अन्नपुट बाहेरून अलगद चोळल्याने गोळा सुटू शकतो. पिलाला उलटे धरून अन्न बाहेर काढण्याचा प्रयत्न मात्र प्राणघातक ठरतो, कारण ते श्वासनलिकेत शिरते.

काही तासांत फरक न पडल्यास पशुवैद्याकडे न्यावे. पशुवैद्य नळीने अन्नपुट रिकामे करून कोमट क्षारजलाने धुतात, निर्जलीकरणावर कातडीखाली द्रव देतात आणि आतील द्रवाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात. यीस्ट आढळल्यास निस्टॅटिन तोंडाने देतात. त्यानंतर अन्न पातळ करून, थोडे थोडे, पुन्हा सुरू केले जाते. स्वतः खाऊ लागण्याच्या वयात पिलू घास नाकारते व अन्नपुट लहान होते. हा विकार नव्हे.

भारतात आढळणारे रानपोपट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांचे पिलू सापडल्यास ते पाळता येत नाही, वनविभागाला कळवावे लागते. तोवर पिलाला केवळ ऊब द्यावी. गार पडलेल्या पिलाला काहीही भरवू नये.