गड ओळखता, मग जहाज ओळखा!

मित्रांनो, भोर-वेल्ह्याची मुलं लांबूनच सांगतात, "मधोमध बालेकिल्ला उंचावलेला तो राजगड, आणि लांबच लांब पसरलेला तो तोरणा!" युद्धनौकाही आधी अशाच ओळखतात, आकारावरून. सपाट डेक, उजव्या कडेला मनोरा आणि पुढचं टोक वर उचललेलं दिसलं, की समजावं, ही 'विक्रांत'सारखी विमानवाहू नौका.

मग क्रमांक वाचायचा. आपल्या नौदलात आर म्हणजे विमानवाहू, डी म्हणजे विनाशिका, एफ म्हणजे फ्रिगेट. 'विक्रांत'चा क्रमांक आर ११. शेवटी निशाण बघायचं. आपल्या नौदलाच्या निशाणावर २०२२ साली निळा अष्टकोन आला, तो शिवरायांच्या राजमुद्रेवरून. राजगड तर त्यांची राजधानी!

हा नुसता खेळ नव्हे बरं का! डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. त्यानंतर दोनच दिवसांत पाकिस्तानी विमानांनी स्वतःच्याच 'झुल्फिकार' या फ्रिगेटला भारतीय नौका समजून तिच्यावर गोळ्या झाडल्या. चूक कळेपर्यंत आपल्याच माणसांचं रक्त सांडलं होतं.

तेव्हा घाई नको. आकार, क्रमांक, निशाण, तिन्ही जुळले तरच नाव सांगा!